पुनवेच्या पहाटे गलबत निघत नाही

मी सांगलीत हस्तलिखितं वाचून, तपासून देण्याचं काम करतो. देशावर राहून कोकणच्या किनाऱ्यावर घराण्याची कादंबरी लिहू पाहणारी माणसं माझ्याकडे बरीच येतात. कुणाचं आजोळ देवगडकडचं असतं, कुणाचे पणजोबा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला आलेले असतात. घरात एखादा जुना पेटारा असतो, चार गोष्टी आजीकडून ऐकलेल्या असतात आणि लिहायची ओढ खरी असते. तरी बहुतेक जण साधारण एकाच जागी अडकतात. त्यातलं एक प्रकरण मी जवळून पाहिलं, जवळजवळ तीन वर्षं. ज्यांची ही कादंबरी, त्यांच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे. त्यांचं नाव देत नाही. मी त्यांना ताई म्हणतो, तेच इथेही.

ताई निवृत्त शिक्षिका, राहायला गावभागात. त्यांचं आजोळचं घराणं दोन काठांवरचं. थोरली पाती राजापूरच्या खाडीवर राहिली, खोती (गावचा सारा वसूल करण्याचा वतनी हक्क) आणि वखार सांभाळत. धाकटी पाती अणुस्कुरा घाटाने वर आली आणि सांगलीच्या पेठेत अडत घालून बसली. घाटावरून खाली हळद, गूळ, मिरची, तंबाखू जायची. खालून वर मीठ, नारळ, सुकी मासळी यायची. सांगलीच्या बाजारात हळदीच्या एका वाणाला आजही ‘राजापुरी’ म्हणतात. ताई लहानपणी वडिलांच्या दुकानात पोत्यांवर बसून हा शब्द रोज ऐकायच्या. हळद इथली आणि नाव खाडीकाठचं, हे काय आहे, या एका कुतूहलातून कादंबरी सुचली असं त्या सांगतात.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा पिशवीत नऊशेच्या वर पानं होती. सुरुवात 1661 सालची, शिवाजी महाराजांनी राजापुरातली इंग्रजांची वखार लुटली तिथून. शेवट 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली तिथे. बारा पिढ्या. एका प्रकाशनाने हस्तलिखित वर्षभर ठेवून घेऊन परत केलं होतं. सोबत एक ओळीचा अभिप्राय: इतिहास चांगला आहे, कादंबरी सापडत नाही. ताई म्हणाल्या, “सर, आता तुम्हीच सांगा, हे ठेवायचं की बंबात घालायचं?”

मी तीन आठवडे मागून घेतले.

पानांत काय होतं

मेहनत पानोपानी दिसत होती. 1880 सालचं रत्नागिरीचं गॅझेटियर त्यांनी अक्षरशः पाठ केलेलं होतं. अडचण अशी की गॅझेटियर माणसांच्या तोंडून बोलत होतं. एका प्रसंगात नऊ वर्षांची नवी सून ओटीवर बसलेल्या सासऱ्यांना विचारते, “मामंजी, आपल्या बंदरात कोणकोणता माल येतो हो?” आणि मामंजी दीड पान उत्तर देतात, मालाच्या वजनांसकट. त्या काळच्या त्या घरातली नऊ वर्षांची पोर सासऱ्यांसमोर मान वर करणार नाही. आणि समजा केलीच, तरी तिला काय हवं असेल? माहेरची होडी कधी येणार, एवढंच. मी समासात तेवढंच लिहिलं.

समुद्र तर प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी होताच. निळाशार, अथांग, गाज देणारा. पण त्या समुद्रामुळे नऊशे पानांत कुणाचं एकही काम अडलं नव्हतं, कुणाला थांबावं लागलं नव्हतं, कुणाचं नुकसान झालं नव्हतं. देशावरच्या माणसाला समुद्र दिसतो तो सहलीत. काठावरच्या माणसाला तो वेळापत्रकासारखा असतो, आपल्याला जशी नळाला पाणी येण्याची वेळ. हे मी ताईंना सांगितलं, पण मलाही ते त्या वेळी फार मोघमच कळलेलं होतं. मीही सांगलीचाच.

काही चुका सरळ होत्या. 1942 साली एक पात्र ‘सांगली जिल्ह्यातून’ येतं. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 साली आणि त्याचं नाव सांगली पडलं 1960 मध्ये. तसाच 1950 च्या प्रकरणात ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ आला होता, जो 1981 पर्यंत नव्हताच; मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतचा सगळा भाग रत्नागिरीत. या चुका पेन्सिलीने दुरुस्त होतात. त्यांची मला काळजी नव्हती.

रामदास बोटीचं प्रकरण जास्त अवघड होतं. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ताईंनी त्या बोटीत घराण्याचा मधला मुलगा बसवला होता. चाळीस पानं, आणि खरं सांगतो, संपूर्ण हस्तलिखितातलं सर्वांत चांगलं गद्य तिथे होतं. पण राजापूरकडचा मुलगा जुलैत त्या बोटीवर कशाला चढेल? रेवस मुंबईच्या समोरच्या काठावर. खालच्या कोकणात जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असत. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग ही सगळी बंदरं जूनपासून मिटलेली. घरी जाणारा माणूस एक तर आगोटीच्या आधी जायचा, नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होण्याची वाट बघायचा. मी हे दाखवलं तेव्हा ताई बराच वेळ गप्प बसल्या. त्यांनी त्या मुलाला मारलं होतं ते पुढच्या पिढीच्या दुःखाला कारण हवं म्हणून. मोठी घटना जवळ होती, तीत माणूस नेऊन टाकला. घराण्याच्या कादंबऱ्यांत हे नेहमी होतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

ती चाळीस पानं गेली. आता रामदासची बातमी अर्ध्या पानात आहे: सांगलीच्या पेठेतल्या दुकानात वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जातं आणि आत स्वयंपाकघरात बायका आपल्यापैकी रेवस-अलिबागकडे कोण कोण दिलेलं आहे ते बोटांवर मोजतात.

खाडीवर

मग आम्ही ठरवलं की ताईंनी लिहायचं थांबवायचं आणि खाडीवर जाऊन राहायचं. घर मामेभावांकडे होतंच. त्या एक आठवड्यासाठी म्हणून गेल्या आणि पाच आठवडे राहिल्या.

कादंबरीत एक प्रसंग होता ज्यावर त्यांचा फार जीव. कोजागरीच्या पहाटे, चंद्र मावळत असताना, थोरल्या भावाचं गलबत हळद आणि गूळ भरून खाडीतून बाहेर पडतं. बायको धक्क्यावर उभी. चांदण्यात शीड चढतं. प्रसंग सुंदर लिहिलेला. ताईंनी तो खाडीवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलांना वाचून दाखवला. ऐंशीच्या पुढचे, शिडाच्या बोटीवर तरुणपणी काम केलेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “अगो बाय, पुनवेच्या पहाटे खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पानी. गलबत काय खांद्यावरनं नेणार?”

मग त्यांनी हिशेब सांगितला. तो किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो आणि आपल्याकडे कुणालाच नसतो. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार धरताना एक भरती आणि मध्यरात्रीकडे दुसरी. दोन भरत्यांच्या मधे सहा तासांनी ओहोटी. तेव्हा पुनवेच्या पहाटे पाणी पार गेलेलं असतं. तेही साध्या दिवसाचं नाही, उधाणाचं, म्हणजे जितकं चढलं तितकंच खोल उतरलेलं. खाडीच्या मुखाशी गाळाचा दांडा उघडा पडतो. मालाने भरलेलं गलबत तिथून निघूच शकत नाही.

“मग कधी निघतं?” ताईंनी विचारलं.

तांडेल म्हणाले, वाराही बघायला हवा. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. शिडाला तोच हवा. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, त्याच्या तोंडावर बाहेर पडायचं म्हणजे हाल. तेव्हा भरती अशी हवी की पहाटेच्या आधी पूर्ण होईल आणि उतरत्या पाण्याबरोबर, मतलईच्या पाठबळावर गलबत बाहेर सरकेल. पंचमी धरा. पाचाची पाऊणपट पावणेचार.

चंद्राचं काय? ताईंना चांदणं सोडवत नव्हतं. तांडेल म्हणाले, शुद्ध पंचमीचा चंद्र रात्री लवकर मावळतो, पहाटे काळोख असतो. वद्य पंचमी घे. चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि पहाटे चारच्या सुमाराला डोक्यावर असतो. डोक्यावर चंद्र आला की खाडी भरली. कुणी घड्याळ बघत नसे.

ताईंनी मला त्या रात्री फोन केला तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता. प्रसंग कोजागरीनंतर पाच दिवसांवर गेला होता, बस. पण त्या पाच दिवसांनी सगळं बदललं. माल भरून तयार आहे, कोजागरी झाली, घरातल्यांना वाटतंय आज निघेल, उद्या निघेल, आणि गलबत पाच दिवस धक्क्याला बांधलेलं आहे. खलाशांना पाच दिवस जेवू घालायचं. गूळ दमट हवेत पाझरायला लागतो. थोरल्या भावाची चिडचिड. आणि बायको, जिला त्याने जावं असंही वाटत नाही आणि घरात असा धुमसत बसलेलाही बघवत नाही. आधीच्या मसुद्यात हे नवरा-बायको एकमेकांशी बोलतच नव्हते, कारण त्यांना वेळच दिलेला नव्हता. वाट बघण्याचे ते पाच दिवस आता कादंबरीचं दुसरं प्रकरण आहे, बत्तीस पानांचं.

मी या एका प्रसंगावर इतकं लिहितो आहे कारण माझ्या मते कादंबरी इथे सुरू झाली. नऊशे पानांनंतर.

भिजलेल्या वह्या

परत आल्यावर ताईंनी सहज म्हणून एक गोष्ट सांगितली, जी त्यांना सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. साठच्या दशकात वखार मोडली तेव्हा तिथल्या कीर्द-खतावण्या, म्हणजे जमाखर्चाच्या वह्या, सांगलीच्या घरी आल्या होत्या. मोडीतल्या म्हणून कुणी उघडल्या नाहीत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात खालच्या खोलीत पाणी आलं तेव्हा ट्रंकेसकट भिजल्या. पूर ओसरल्यावर गच्चीवर वाळवल्या. अकरा वह्यांपैकी तीन वाचण्यासारख्या उरल्या.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पानं एकमेकांना चिकटलेली, कडेला गाळाची पिवळसर रेघ. एक गोष्ट लगेच दिसली. जुन्या वह्यांतली बोरूची काळी अक्षरं फिकट झाली होती, पण जागेवर होती. अलीकडच्या, फाउंटन पेनने लिहिलेल्या वह्यांतली निळी शाई पाण्याबरोबर पसरून गेली होती. पानभर नुसती निळसर ओल. म्हणजे शके 1830, आपलं 1908 साल, वाचता येत होतं. 1950 नंतरचं काहीच येत नव्हतं.

ताई मोडी शिकल्या. आठ महिने लागले. कीर्दीत प्रत्येक नोंदीला तिथी असते, हे त्या शिकल्यावर कळलं, आणि मग तांडेलांचा हिशेब हातात असल्यामुळे त्या नोंदी बोलायला लागल्या. माल रवाना झाल्याच्या कितीतरी नोंदी चतुर्थी ते सप्तमी या तिथींवर होत्या, दोन्ही पक्षांत. लिहिणाऱ्या कारकुनाने भरतीचा शब्दही काढला नव्हता. त्याला काय गरज? वाचणाराही खाडीकाठचाच होता.

इथे कालखंडाचा प्रश्न आपोआप सुटला. 1661 गेलं. कोकण रेल्वे गेली. जिथपासून वही वाचता येते तिथपासून गोष्ट सुरू करायची ठरली: 1908. तीन पिढ्या. शेवट कुठे करायचा यावर आमचे वाद झाले, ते पुढे सांगतो.

निळी पानं

1950 नंतरच्या वह्या पुसल्या गेल्या, हे ताईंना फार लागलं होतं. कारण त्यांना सर्वांत जास्त हवा असलेला दिवस त्याच वह्यांत होता: 1 एप्रिल 1957. कूळकायद्याप्रमाणे तो कृषक दिन. जमीन कसणारं कूळ त्या दिवशी मालक मानलं गेलं. त्याच दिवशी देशात दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता, शके 1879. पाडव्याला नवी वही पूजायची, त्यात आणे लिहायचे की नवे पैसे हे कारकुनाला कळत नाही, आणि ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या बाकी लिहिली त्या कुळांची पानं काढायची की नाही हे मालकाला कळत नाही. इतका भरलेला दिवस कादंबरीकाराला मागूनही मिळत नाही. आणि ते पान निळं होऊन गेलेलं.

मी विचारलं, “ताई, वही फक्त खोताच्या घरी असते का?”

“म्हणजे?”

“ज्याच्या नावावर बाकी, त्याला आकडा आठवत नसेल?”

हस्तलिखितात कुळं होती, पण ती ओटीखाली उभी असायची. पाया पडायची, सणाला पोस्त घेऊन जायची आणि ‘खोतांनी आम्हाला पोटच्या पोरासारखं वागवलं’ असं म्हणायची. खोतीचा इतिहास ताईंना माहीत नव्हता असं नाही. 1880 चा खोती कायदा, 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती निर्मूलनाचं विधेयक, 1949 चा खोती नष्ट करणारा कायदा, हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं आणि निवेदनात घातलेलंही होतं. पण घरात येऊ दिलं नव्हतं. स्वतःच्या आजोबांविषयी लिहिताना हात थबकतो. मला ते समजतं. तरीही खोताच्या घराण्याची तीन पिढ्यांची कादंबरी कुळाच्या घरात एकदाही न जाता लिहिली, तर ती अर्धीच राहते, असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते लपवलं नाही.

ताई पुन्हा गेल्या. या वेळी मामेभावांच्या घराऐवजी वरच्या वाडीत, एका जुन्या कुळाच्या घरी, जिथली सून आता सत्तरीची आहे. पहिल्या दिवशी चहा झाला, पावसापाण्याचं झालं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्या बाईंनी भांड्यांच्या फळीमागून एक लाकडी मापटं काढून दाखवलं. सासूने जपून ठेवलेलं. खळ्यावर भात मोजायला खोताकडून येणारं माप आणि घरचं हे माप यात ओंजळभराचा फरक पडायचा. सासू दरवर्षी दोन्हींनी मोजायची आणि फरक मनात ठेवायची. लिहिता येत नव्हतं म्हणून भिंतीवर शेणाने सारवण्याआधी कोळशाच्या रेघा ओढायची, सारवलं की जायच्या, पुन्हा ओढायची. 1957 च्या पाडव्याला तिने भिंत सारवली आणि रेघा ओढल्या नाहीत.

ते प्रकरण आता त्या सासूच्या डोळ्यांनी लिहिलं आहे. खोताच्या घरातला कारकून, आणे आणि नवे पैसे, हे सगळं आहे, पण ते तिला लांबून ऐकू येतं.

मामा

ताईंचे मामा, खाडीवरच्या घरातले सर्वांत थोरले, यांना हे आवडणार नव्हतंच. त्यांना ते प्रकरण आधी वाचायला द्यावं असं मीच सुचवलं. छापल्यानंतर कळण्यापेक्षा ते बरं. मामांनी वाचून निरोप धाडला, “घरची लक्तरं वेशीवर टांगायला पेन्शन घेतलीस का?” आणि दोन महिने बोलले नाहीत. दिवाळीला भाऊबीजेचं निमित्त काढून ताईंनी फोन केला, तोही उचलला नाही.

या दोन महिन्यांत एक निर्णय झाला जो आधीच व्हायला हवा होता. गाव बदललं. राजापूर, जैतापूर, मुसाकाजी, अणुस्कुरा ही नावं खरी ठेवली, कारण तिथल्या भरत्या, वाटा, अंतरं यांना लेखकाने बांधील राहायला हवं. पण ज्या गावात घर आहे ते गाव कल्पित केलं, खाडीच्या एका कल्पित वळणावर. खरं गाव ठेवलं की गावातलं प्रत्येक घर कादंबरीत स्वतःला शोधतं आणि सापडलं नाही तरी रागावतं. सगळंच कल्पित केलं तर लेखक सैल होतो, पुनवेच्या पहाटे गलबतं सोडतो.

नंतर एके दिवशी मामांचं पत्र आलं. चार ओळींचं. त्यात राग तसाच होता, पण एक दुरुस्तीही होती. भाताच्या जमिनीला अर्धेल (पिकाचा निम्मा वाटा), वरकसाला (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीला) तिर्धेल (तिसरा वाटा). तू नाचणीच्या शेतालाही अर्धेल लिहिलं आहेस. जे केलं ते केलं, पण जे केलं नाही ते खोताच्या माथी का मारतेस?

ताईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. दुरुस्ती केली. मामांचं वाक्य थोडं बदलून एका पात्राच्या तोंडी घातलं, त्यांना विचारून. ते ‘हो’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

सांगलीचा काठ

आपल्या काठाबद्दल थोडक्यात. इथे ताईंना मदत लागली नाही, एक प्रसंग सोडून. प्रतिसरकारच्या काळातली एक रात्र होती. भूमिगत पोरं हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, लपतात, वरून झाकण लावलं जातं, सकाळी बाहेर येतात. वाचायला थरारक. पण पेव उघडल्यावर आत हवा खेळू द्यावी लागते, कंदील सोडून बघायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरतो, हे हरिपुरात कुणीही सांगेल. झाकलेल्या पेवात रात्र काढलेली पोरं सकाळी चालत बाहेर येणार नाहीत. आता ती पोरं अडतीच्या माळ्यावर, रिकाम्या बारदानाखाली आहेत आणि हळदीच्या धुळीने एकाला शिंक आवरत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील यांचं त्या प्रकरणातलं लांबलचक भाषणही काढलं. त्यांना प्रत्यक्ष आणलंच नाही. पोरं त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणतात, तेवढं पुरलं.

नावांचा घोळ होता: आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे एकाच नावाचे तिघं. वंशावळ छापायचा ताईंचा आग्रह होता. मी म्हटलं, घरात जशा हाका मारतात तशाच मारा. वखारीतले आबा, पेठेतले तात्या, मुंबईचा भाई. घोळ संपला, वंशावळ लागली नाही.

शेवटाविषयी वाद झाला तो असा. ताईंना 1960 हवं होतं, महाराष्ट्राची स्थापना. मला ते समारंभासारखं वाटत होतं. या कादंबरीत दोन काठ आहेत, आणि साठ वर्षांत एकही गोष्ट दोन्ही घरांत एकाच वेळी घडलेली नाही. पत्र आठ दिवसांनी पोचतं, माणूस चार दिवसांनी, मृत्यूची बातमी तेराव्याच्या आदल्या दिवशी. मग ताईंनाच सुचलं. 11 डिसेंबर 1967, सोमवार, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला कोयनेचा भूकंप. सांगलीत फळीवरची पितळेची भांडी खाली येतात, खाडीवर बांधलेल्या होड्यांच्या दोरांना ओढ बसते. पहिल्यांदाच दोन्ही घरं एका क्षणी जागी होतात आणि दोन्हीकडे म्हाताऱ्या बायकांच्या मनात पहिला विचार दुसऱ्या घराचा येतो. कादंबरी तिथे संपते. हे ऐकल्यावर माझा वाद संपला.

आत्ता

चारशे दहा पानं झाली आहेत. छापायला देण्याआधी ताईंनी गलबत निघतं तो प्रसंग पुन्हा तांडेलांना ऐकवायचं ठरवलं. आता त्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून फोनवर. पलीकडे त्यांच्या नातीने फोन त्यांच्या कानाशी धरला होता. वद्य पंचमी, पावणेचारची भरती, डोक्यावर चंद्र, मतलई. ताई वाचत गेल्या. गलबत दांडा ओलांडतं, शीड वारा धरतं, आणि धक्क्यावरून बायको नवऱ्याला नावाने हाक मारते. आयुष्यात पहिल्यांदा, नावाने.

पलीकडे काही वेळ शांतता. मग तांडेल म्हणाले, “पानी बरोबर. वारा बरोबर. पन बाय, निघालेल्या मानसाला मागनं हाक मारत न्हाईत.”

ताईंनी ती ओळ खोडली. परवा मी पान पाहिलं. हाकेच्या जागी आता एवढंच आहे की गलबत दिसेनासं होईपर्यंत ती धक्क्यावर उभी राहते, कंदील खाली ठेवून, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून, आणि नाव तोंडात तसंच राहतं.